पसंती कळवली, त्याबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर माझ्या पुढच्या पोस्टिंगचा विषय काढला की आई "मग नाशिक का नाही?" इथेच अडते आणि बाबा 'प्रचंड' या नव्या लढाऊ हेलिकॉप्टरच्या बातम्या वाचून दाखवायला लागतात. माझं सांगायचं राहूनच जातं, म्हणून लिहितोय.

आम्हा सैन्यातल्या हेलिकॉप्टर पायलटांना पुढच्या पोस्टिंगसाठी पसंती विचारली होती. मी पहिली पसंती उंचावरच्या स्क्वाड्रनची दिली. म्हणजे लडाखची बाजू आणि चीता हेलिकॉप्टर. दुसरी ध्रुव हेलिकॉप्टरची आणि नाशिकच्या पायलट-प्रशिक्षण शाळेतला प्रशिक्षकाचा कोर्स तिसरा. आता पसंती म्हणजे काही हुकूम नव्हे. जिथे माणूस कमी पडतो तिथे पाठवतात. पण विचारलंच आहे तर मनातलं सांगावं, एवढंच केलं.

बाबांचा पहिला प्रश्न बढतीचा असणार. तर लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती काळाने मिळते: २ वर्षांनी कॅप्टन, ६ वर्षांनी मेजर, १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. मधल्या परीक्षा पास व्हाव्या लागतात आणि रेकॉर्ड स्वच्छ लागतं, पण खरी चाळणी लागते ती कर्नलला. तिथे दरवर्षीचे गोपनीय अहवाल बोलतात, आणि अहवाल चांगला यायला हेलिकॉप्टर नवंकोरं असावं लागत नाही. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजची परीक्षा द्यायचीच आहे, पण तिला अजून अवकाश आहे. टेबलामागची खुर्ची कुणाला चुकली नाही. ती आपल्या पावलाने येईल. बर्फातलं उड्डाण मात्र आत्ता मागितलं नाही तर पुढे मिळेलच असं नाही.

बाबांनी बँकेत जन्म काढला, म्हणून त्यांना कळेल असं सांगतो. पायलटचं लॉगबुक हे पासबुकच असतं. तारीख, विमानाचा प्रकार, दिवस की रात्र, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कमांड तुमची होती की तुम्ही को-पायलट होतात. माझ्या लॉगबुकात को-पायलटचे तास भरपूर झालेत, तेही सपाटीवरचे. एकूण आकडा चांगला दिसतो. पण जाणकार माणूस बेरीज बघतच नाही, तो रकाने बघतो.

प्रचंडबद्दल सांगतो. मार्च २०२५ मध्ये १५६ प्रचंडचा करार झाला, त्यातली ९० आपल्या सैन्याची, हे बाबांनी मला तीनदा सांगितलंय. पण त्याच बातमीत खाली होतं की पुरवठा तिसऱ्या वर्षापासून सुरू होईल आणि पुढची पाच वर्षं चालेल. म्हणजे गाडी अजून फलाटाला लागायची आहे. तोवर माझी एक पोस्टिंग आरामात होते. शिवाय ध्रुव, त्याचंच सशस्त्र रूप रुद्र आणि प्रचंड तिन्हींना शक्ती हेच इंजिन. एकीकडून दुसरीकडे जाणं त्यातल्या त्यात सोपं, म्हणून दुसरी पसंती ध्रुवची. अमेरिकन अपाची लढाऊ हेलिकॉप्टरं सैन्याकडे मोजून सहा. त्यासाठी रांग केवढी असेल ते तुम्हीच ठरवा.

आता आईचं नाशिक. मला शिकवायला आवडेल, मनापासून आवडेल. पण प्रशिक्षकाचं काम काय असतं ते मी तिथे शिकताना शेजारच्या सीटवरून पाहिलंय. माझे सर हात मांडीवर ठेवून बसायचे, कंट्रोलपासून चार बोटांवर. मी चुकायला लागलो की लगेच धरायचे नाहीत. चूक पुरती दिसू द्यायचे, मला कळली का ते बघायचे, आणि अगदी शेवटच्या क्षणी "माझ्याकडे" म्हणून घ्यायचे. तो शेवटचा क्षण नेमका कुठे असतो हे त्यांना ठाऊक होतं, कारण त्यांनी वर्षानुवर्षं डोंगरात उडवलेलं होतं. मी आत्ता गेलो तर पुस्तकातलं शिकवीन, आणि घाबरून फार लवकर कंट्रोल घेईन. असा प्रशिक्षक पोरांना नको. नाशिक रद्द केलेलं नाही, पुढे ढकललंय.

वर नेमकं काय शिकायला मिळतं? वीस हजार फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मी दाट असते. पंख्याला धरायला हवाच कमी, त्यात इंजिनचा जोरही उतरतो. म्हणून निघण्याआधी किलोकिलोचा हिशेब. इंधन किती मिनिटांचं, माणूस एक की दोन, पिशवी घ्यायची की ठेवायची. सगळ्यात उंच चौक्यांवर एका खेपेला मोजकेच किलो नेता येतात. पहाटे निघायचं, कारण थंड हवा दाट असते. ऊन चढलं की हवा विरळ होते आणि दरीत वारा सुटतो. हेलिपॅड म्हणजे बर्फात सपाट केलेला तुकडा. तिथे पंखा बंद करायचा नाही, सामान उतरवायचं, आजारी जवान असला तर घ्यायचा आणि निघायचं. सियाचीनमध्ये १९८४ पासून हे चाललंय. तिथल्या जवानाला भाजी, रॉकेल आणि घरचं पत्र आणणारं हेच हेलिकॉप्टर. माझ्या सगळ्या कारणांत हे शेवटचं कारण सगळ्यात मोठं आहे, फॉर्मवर त्याला रकाना नव्हता इतकंच.

चीता जुनं आहे, एकाच इंजिनाचं आहे, हे बाबांचं म्हणणं बरोबर. नवी हलकी हेलिकॉप्टरं यायला हवीत, आणि लवकर यायला हवीत. याबाबत स्क्वाड्रनमध्ये दुमत नाही. पण उंचीसाठीच घडवलेलं यंत्र आहे ते. ज्या फ्रेंच लामा हेलिकॉप्टरवरून चीता बनलं, त्या लामाने १९७२ साली १२,४४२ मीटर उंची गाठली होती. त्याच उड्डाणात इंजिन बंद पडलं आणि झाँ बूले या फ्रेंच पायलटने ते इंजिनाशिवाय सुखरूप खाली उतरवलं. इंजिन गेलं तरी खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरत राहतो, आणि ते उतरवण्याचा सराव आमच्याकडून घोटून घेतात. आता त्यासाठी खाली सपाट जागा लागते आणि त्या डोंगरात ती फारशी नसते, हेही खरं. तुमच्यापासून लपवून काय उपयोग, बाबा कुठेतरी वाचणारच.

एक गोष्ट मात्र माझ्या मनाला लागून आहे. पीस स्टेशनला, म्हणजे कुटुंबाला सोबत ठेवता येतं अशा ठाण्यावर असतो तर तुम्हाला दोघांना महिना-दोन महिने घेऊन आलो असतो. फील्डमध्ये, म्हणजे सीमेजवळच्या पोस्टिंगवर, ते होणार नाही. फोनही लागेल तेव्हा लागेल. हा विचार मी केला नाही असं समजू नका. फक्त तुम्ही आत्ता हिंडते-फिरते आहात म्हणून हीच वेळ निवडली. चार-पाच वर्षांनी मला जवळ असायला हवं असेल, तेव्हा नाशिक मागायला माझ्याकडे तास आणि कारण दोन्ही असतील. आईने मुलींचे फोटो दाखवायचे ते दाखवावेत, पण समोरच्यांना फील्डचं आधीच सांगावं.

ऑर्डर यायला वेळ आहे आणि ती आली की लगेच निघावं लागतं. तेव्हा बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या सुट्टीसाठी अडवून ठेवू नका. ताईशी बोललो आहे, ती पुढच्या महिन्यात येतेय. तारीख घेऊन टाका आणि मला फक्त कळवा. कागदपत्रांत बाबांचं डिपेंडंट कार्ड (माझ्यावर अवलंबून असल्याचं ओळखपत्र) लागेल, ते देवघराखालच्या खणात निळ्या फाइलमध्ये आहे.

तुमचा,
धाकटा