ब्रिस्टलचे दरवाजे ठाण्याच्या खाडीला नकोत

महोदय,

ओहोटीला जेट्टीशी बोट लागत नाही अशी तक्रार निघाली, की 'ब्रिस्टलसारखे दरवाजे घालून खाडीत पाणी अडवा' असं कुणी ना कुणी सुचवतंच. पण इंग्लंडमधल्या या बंदर-शहराने नेमकं काय अडवलं आणि पुढे काय निस्तरलं, ते बोलायचं राहून जातं.

ब्रिस्टलची जुनी गोदी एव्हन नदीच्या मुखापासून दहा-बारा किलोमीटर आत आहे. मुखाशी उधाणाच्या भरती-ओहोटीत 12 मीटरांहून जास्त फरक पडतो. सुकतीला गलबतं चिखलात बसत. सांगाडा कच्चा असला की मोडत, माल सैल रचलेला असला की तो घसरे. म्हणून अभियंता विल्यम जेसप यांच्या आराखड्याप्रमाणे 1804 ते 1809 या काळात नदीसाठी शहराच्या दक्षिणेला नवा पाट खणला आणि जुन्या पात्राला बांध घालून कायम पाणी धरलं. म्हणजे नदी अडवली नाही, वळवली. भरती नव्या पाटातून येत-जात राहिली.

धरलेलं पाणी मात्र लगेच नासलं. सांडपाणी साचून दुर्गंधी सुटली. 1820च्या दशकात ते भूमिगत गटाराने नव्या पाटात सोडावं लागलं. गाळाचं दुखणं त्याहून चिवट. 1830च्या दशकात अभियंता ब्रुनेलने बांधाच्या तळाशी झडपा बसवायला लावल्या. ओहोटीला पाटाची पातळी उतरली की खोल झडप उघडायची. पाणी जोराने सुटतं आणि गाळ घेऊन जातं. पण ही ओढ झडपेच्या आसपासच लागते, लांबचा गाळ जागचा हलत नाही. तो झडपेपर्यंत खरवडत आणायला साखळ्यांवर स्वतःला ओढत जाणारी वाफेची बोट ठेवावी लागली.

इतकं करूनही जहाजं गोदीहून मोठी झालीच. 1843 साली तिथंच बांधलेलं 98 मीटरचं 'ग्रेट ब्रिटन' जहाज पुढच्या वर्षी बाहेर पडताना लॉकमध्ये, म्हणजे गोदीत ये-जा करायच्या दरवाजांच्या अरुंद वाटेत, अडकलं. भिंतीचे वरचे दगड काढले तेव्हा सुटलं. 1877 मध्ये नदीच्या मुखाशी एव्हनमाउथची गोदी झाली आणि 1975 मध्ये शहरातली गोदी व्यापारी जहाजांना बंद.

आपल्याकडे खाडी वळवायला दुसरा पाट कुठे आहे? दरवाजे घातले तर कांदळवनाची भरती तुटेल, आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या ज्या चिखलावर फ्लेमिंगो चरतात तोही बुडेल. ही खाडी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे.

आपल्या भरती-ओहोटीतला फरक उधाणाला पाच मीटरच्या आसपास. त्याला खांबांवर वरखाली सरकणारा तरंगता धक्का पुरतो. एकास आठ उतार धरला तर धक्का काठाला जोडणारा बिजागरीचा पूल किमान 40 मीटर हवा. तो आखूड केला की ओहोटीला शिडी होते. म्हाताऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनी चढायचं कसं? शिवाय धक्क्याखाली गाळ साचू दिला तर ओहोटीला तो एका कडेने टेकतो, तिरका होतो आणि खांबांवरचे रोलर अडकतात. म्हणून निविदेत पुलाच्या लांबीइतकीच, धक्क्याखालची खोली दर पावसाळ्यानंतर मोजायची अट हवी.

— एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)