दौरा दोन बँडचा, स्टेज एकच

हँबर्ग

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

ताईशी फोनवर बोलले. पुणे, नाशिक, कोल्हापूर असा दौरा ठरलाय हे ऐकून फार आनंद झाला. पण शेवटी कोण वाजवणार यावरून दोन्ही बँडांत आत्ताच धुसफूस आहे म्हणे. त्या पोरांवर राग धरू नकोस. दोन बँड एका स्टेजवर आले की भांडण वेळेवरून आणि जागेवरून होतं, आणि या दोन्ही गोष्टी आधी कागदावर मांडता येतात.

आधी शेवटच्या नंबराचं. १८ जून १९६७ ला कॅलिफोर्नियात मॉन्टेरीच्या संगीत महोत्सवात द हू हा बँड आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्यात हाच पेच पडला होता. दोघांचाही शेवट गिटारच्या मोडतोडीवर, त्यामुळे दुसऱ्याच्या मागून जायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी नाणं उडवलं. द हू आधी वाजवून गेले, हेंड्रिक्सने नंतर गिटार पेटवून दिली. तुम्हीही पहिल्या गावासाठी नाणं उडवा आणि पुढे गावागणिक आलटूनपालटून जा. पोस्टरवर दोन्ही नावं एकाच आकारात हवीत.

आता वेळ. आपल्याकडे उघड्यावर रात्री १० ला स्पीकर बंद करावे लागतात, म्हणून हिशोब १० पासून उलटा लावायचा. शेवटचा बँड ८:५० ते ९:५०, त्याआधी ३० मिनिटं अदलाबदल, पहिला बँड ७:२० ते ८:२०. उरलेली १० मिनिटं कुणाचीच नाहीत, ती जनरेटर बसला तर लागतात. पहिल्याने १५ मिनिटं जास्त खाल्ली की ही १० जातातच, वर ५ मिनिटं, म्हणजे एक गाणं, दुसऱ्याच्या वाट्यातून जातं. खरी कडवट भांडणं इथूनच सुरू होतात. स्टेजच्या पुढच्या कडेला, वाजवणाऱ्यांना दिसेल असं मोठ्या आकड्यांचं घड्याळ ठेवा.

साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी, उलट्या क्रमाने होतो, हे तुला माहीत असेलच. शेवटी वाजवणारा आधी: ३:३० ते ५. मग त्यांचं सामान मागे सरकवायला अर्धा तास. पहिला बँड ५:३० ते ६:१५, आणि त्यांची मांडणी तशीच राहते. प्रेक्षक ६:३० ला आत. शेवटच्या बँडचा चेक लांबला की पहिल्याच्या हाती फक्त लाइन चेक, म्हणजे प्रत्येक वायरीतून आवाज येतो का एवढंच बघणं, उरतो, आणि त्यांना वाटतं मुद्दाम केलं. म्हणून चेक सुरू कधी होणार यापेक्षा संपणार कधी ते लिहून घ्या.

जागेचं दुखणं ड्रमपाशी. मागे एका बँडचा आठ बाय आठ फुटांचा रायझर, म्हणजे ड्रमचा चौथरा, काळ्या कापडाखाली झाकलेला असला की पुढच्यांना जेमतेम दहा फूट खोली उरते. गायक ड्रमरच्या मांडीवर. त्यापेक्षा एकच ड्रमसेट दोघांनी वापरा. स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), सिंबल (झांजा), किक पेडल (मोठा ड्रम पायाने वाजवायची पट्टी) आणि बसायचं स्टूल ज्याचं त्याने आणायचं. गिटारचे कॅब, म्हणजे स्पीकरच्या पेट्या, हेही सामायिक; हेड, म्हणजे त्यांना जोडायचा अ‍ॅम्प्लिफायर, आपापलं. मात्र हेडच्या मागचा ओहमचा स्विच कॅबवर लिहिलेल्या आकड्याशी जुळवा. आणि व्हॉल्व्हचं (काचेच्या नळ्यांचं) हेड स्पीकरची वायर जोडल्याशिवाय कधीही चालू करायचं नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

अदलाबदलीत वेळ खातात ते सिंबल. वाजवून झालं की ड्रमर तिथेच बसून एकेक नट सोडवत बसतो. स्टँडसकट उचलून विंगेत न्या, सोडवायचं ते तिथे. कोण कुठे उभा राहणार, मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेले स्पीकर, कुठे, याच्या खुणा आदल्याच चेकला रंगीत टेपने करा, एका बँडचा रंग पिवळा, दुसऱ्याचा निळा.

मॉनिटरबद्दल जरा जास्त लिहिते, माझं कामच ते. ८ ऑगस्ट १९९२ ला मॉन्ट्रियलच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये मेटॅलिका आणि गन्स एन रोझेस हे दोन बँड एकाच दौऱ्यात होते. मेटॅलिकाचा गायक जेम्स हेटफिल्ड स्टेजवरच्या ज्वाळेत सापडला, हात भाजला, त्यांचा कार्यक्रम अर्धवट थांबला. मग गन्स एन रोझेस येईपर्यंत लोक ताटकळले. ते आले तेव्हा मॉनिटर नीट लागलेले नव्हते, स्वतःचंच वाजवणं त्यांना ऐकू येईना. अ‍ॅक्सल रोझ हा त्यांचा गायक घसा दुखतो म्हणून लवकर निघून गेला आणि स्टेडियमबाहेर दंगल झाली. एरवी याकडे दोन बँडांची चुरस म्हणून पाहतात. मला त्यात दिसतो तो न झालेला मॉनिटर चेक. गायकाला आपला आवाज ऐकू आला नाही की तो ओरडतो, आणि ओरडून घसा बसतो.

म्हणून तुमच्या डिजिटल मिक्सरवर दोन्ही बँडांचे चॅनेल वेगळे ठेवा. चॅनेल १ ते १६ एकाचे, १७ ते ३२ दुसऱ्याचे, आणि ड्रमचे माइक दोन्हीकडे पॅच, म्हणजे जोडलेले. प्रत्येकाचा सीन, म्हणजे मिक्सरची सगळी मांडणी, साउंडचेक संपताच सेव्ह करा. पण ड्रमचे माइक सामायिक असले की गेन, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती घ्यायचा ते, हाही एकच, तो एकाने वाढवला तर दुसऱ्याचा मॉनिटर शिट्टी मारतो. ड्रमचा गेन दोघांनी मिळून एकदा लावा आणि नंतर त्याला हात लावू नका.

आणखी एक जुनी तक्रार: पहिल्या बँडचा आवाज मुद्दाम दाबतात. इथे जर्मनीत प्रेक्षकांच्या कानांसाठी अर्ध्या तासाच्या सरासरीला ९९ डेसिबलची मर्यादा मानतात, आणि ती दोघांनाही सारखीच. तुम्हीही एक आकडा ठरवा आणि मीटर मिक्सरपाशी दोघांना दिसेल असा ठेवा. दिव्यांचंही तसंच, कुठले कुणाला ते आधी लिहा. टी-शर्टाचं टेबल एकच मांडा.

दोन्ही बँडांच्या इनपुट लिस्ट, म्हणजे माइक आणि वाद्यांच्या याद्या, रविवारपर्यंत पाठव, चॅनेल मी जुळवून देते. ताईला आणि भावजींना नमस्कार.

तुझी,
मावशी