रॅम्पवरच्या (विमानं उभी राहतात त्या जागेवरच्या) सर्व सदस्यांसाठी सूचना: उन्हाळा आणि आग

नमस्कार मंडळी,

नागपूरचा पारा ४५ कडे निघालाय, म्हणून पुन्हा सांगतोय. विमानात भरतात त्या जेट ए-१ इंधनाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेट घेण्याइतकी वाफ सुटायला लागते ते तापमान, किमान ३८ अंश. दुपारी सोनेगाव विमानतळाच्या एप्रनचं, म्हणजे रॅम्पचंच, काँक्रीट त्याहून कितीतरी जास्त तापतं. म्हणजे सांडलेलं इंधन आत्ता पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. डिसेंबरची सवय इथे चालणार नाही. सांडलेलं दिसलं की भरणं थांबवायला लावा, अग्निशमन दलाला कळवा, आणि जवळचा टग (ओढणारा ट्रॅक्टर) सुरू करून हलवायला जाऊ नका. स्टार्टरची ठिणगीही पुरते.

बाउजरच्या (इंधनाच्या टँकरच्या) पुढे ट्रॉल्या लावू नका, त्याला सरळ निघता आलं पाहिजे.

परवा एका जीपीयूखाली (उभ्या विमानाला वीज देणाऱ्या यंत्राखाली) तेलकट चिंध्यांचा बोळा सापडला, सायलेन्सरपासून जेमतेम वीतभर. कुणाचा ते विचारत नाही. डिझेल गळणारं यंत्र विमानाजवळ नेऊच नका, शिफ्ट इन्चार्जला सांगून बाजूला लावा.

आग विझवायच्या पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, ड्युटीवर येतानाच बघा. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) सिलिंडरला काटा नसतो, त्याची तपासणीची तारीख बघा. आणि कृपा करून सिलिंडरवर दुपट्टे वाळत घालू नका!