पुढील वाटचालीस

चि. मयुरी,
अनेक आशीर्वाद.

तुला नोकरी लागल्याचं कळलं आणि गावच्या ग्रुपवर सगळ्यांनी एकच वाक्य टाकलं, ‘पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.’ वाचून ऊर भरून आला. पण त्यातला ‘वाटचाल’ हा शब्द दिवसभर डोक्यात घोळत राहिला.

तुझ्या जन्माआधी एका चैत्रात मी धुळ्याहून सप्तशृंगी गडावर पायी गेलो होतो. मालेगाव, देवळा, कळवण करत नांदुरीला, गडाच्या पायथ्याशी. पौर्णिमेच्या यात्रेला खान्देशातून झेंडे घेऊन माणसं निघतात, त्यांच्यातच. ऊन असं, की डांबर चपलेला धरायचं. म्हणून पहाटे तीनला उठायचं, दहाच्या आत सावली गाठायची, उन्हं कलली की पुन्हा निघायचं. देवळ्याच्या अलीकडे टाचेला फोड आला. सोबतच्या एका म्हातारबाबांनी सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला, दोरा तसाच आत ठेवला आणि म्हणाले, “पानी निंघी जाई. चाल आते.” गड किती राहिला, हे विचारलं की ते फक्त पुढच्या गावाचं नाव सांगायचे.

विहिरीच्या वीजजोडणीसाठी मी वर्षभर एका कचेरीत जात होतो, ते हेलपाटे. तू होताना दवाखान्याच्या व्हरांड्यात घातल्या, त्या येरझारा. पाय तेच गं, पण मराठीनं वाटचाल हा शब्द वेगळा राखून ठेवलाय. वाट ठरलेली हवी आणि पाऊल रोज पडायला हवं, तेव्हाच तो शोभतो.

म्हणून तर तो न चालताही लागू पडतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. भिंतींच्या आत कुठे चालणार? पण १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षं पायी देश हिंडलेल्या विनोबांची वाटचाल मला त्या तुरुंगातही चालू दिसते.

पहिला महिना तुला जड जाईल. वर्षाचा हिशोब करत बसू नकोस, आधी शनिवार गाठ. चैत्रात सुटी मिळाली तर देवळ्यापासून तरी माझ्यासोबत चल. सुई-दोरा मी घेतो.

तुझे
नाना