मेंढरं घाटाखाली, तार माळावर

संपादक महोदय,

दिवाळी झाली की माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्यातले मेंढपाळांचे वाडे (मेंढरांसकट फिरती बिऱ्हाडं) हलतात. कुणी घाट उतरून कोकणात जातं, कुणी कृष्णा-वारणेच्या काठाला. मृगाच्या तोंडावर वाडा माघारी येतो तेव्हा गावाशेजारच्या खासगी माळाला सिमेंटचे खांब आणि तारेची जाळी लागलेली असते. मग बाचाबाची, कधी तार तोडणं, त्यावरून पोलिसांत तक्रार. भांडण गाजतं, पण वाट अडली तर नेमकं काय करायचं हे गावात फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

माळ बंद करणारा प्रत्येक मालक आडमुठा असतो असं नाही. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी आलं तसं मुरमाड पड रान डाळिंब-द्राक्षाखाली गेलं. पन्नास मेंढरं एकदा बागेतून गेली तर ठिबकच्या नळ्या तुडवल्या जातात आणि कोवळा फुटवा खाऊन जातो. काही माळ पुण्या-मुंबईच्या माणसांनी विकत घेतले. सौर कृषी वाहिनी योजनेत सौर वीज प्रकल्पाला जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये मिळतात. कुसळाच्या माळावर एवढा पैसा दुसरं कोण देणार? तेव्हा ‘पूर्वीपासून चारतोय’ एवढ्या बोलण्यावर तार निघणार नाही.

घोळ असा होतो की वाट आणि चराई या दोन गोष्टी एकाच दाव्यात कोंबल्या जातात. दुसऱ्याच्या माळावर मेंढरं चारणं हे बहुतेक ठिकाणी मालकाच्या मर्जीवर, तोंडी परवानगीवर चाललेलं असतं. परवानगीने केलेला वापर कितीही वर्षं चालला तरी त्याचा हक्क होत नाही. वाटेचं तसं नाही. त्या माळावरून पलीकडच्या गायरानात, ओढ्यावर किंवा स्वतःच्या रानात जायची वहिवाट असेल तर मालक बदलला म्हणून ती बुडत नाही. अर्जात दोन्ही मागण्या एकत्र आल्या की मालकाचा वकील चराईवर बोट ठेवतो आणि वाटही त्यात वाहून जाते.

वाटेसाठी आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढावी. त्यावर गाडीमार्ग दुबार तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. जमिनींचं एकत्रीकरण (तुकडे जोडून गट करणं) झालेल्या गावात जुने सर्व्हे नंबर जाऊन गट आले आणि वाटांचा गोंधळ तिथेच सुरू झाला. म्हणून एकत्रीकरणाचा उतारा काढून जुना नंबर कोणत्या गटात पडला ते जुळवून घ्यावं. मग त्या गटाचा सातबारा वाचावा. ‘पोटखराबा’ या रकान्यात अ आणि ब असे दोन वर्ग असतात. ‘अ’ म्हणजे नुसती लागवडीला नालायक जमीन. ‘ब’ मध्ये रस्ता, मान्य पायवाट, ओढा, तलाव अशी सार्वजनिक वापराची जमीन येते. ‘ब’ खाली दोन-चार गुंठे दिसले तर ती वाट कागदावर जिवंत आहे असं समजून तिथूनच शोध धरावा. ‘इतर हक्क’ या रकान्यातही वहिवाटीची नोंद असू शकते. तो रकाना लोक वाचतच नाहीत. बँकेचा बोजा पाहायचा आणि कागद घडी करायचा, एवढंच.

कागद हातात आले की पुढचा प्रश्न अर्ज कोणत्या कायद्याखाली करायचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ बांधावरून रस्ता देण्याचं आहे, पण ते ज्याची स्वतःची जमीन आहे त्याच्यासाठी. भूमिहीन मेंढपाळाने या कलमाखाली अर्ज केला तर तो पहिल्याच तारखेला अडकतो. त्याच्या कामाचा कायदा म्हणजे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६. याच्या कलम ५ मध्ये शेतीच्या जमिनीबरोबर चराईच्या जमिनीचा उल्लेख आहे, तिथे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटांचा आहे आणि विहीर-तळ्याच्या पाण्याचाही आहे. अडथळा काढण्याचा आणि पुन्हा अडवू नये असा मनाई हुकूम मामलेदार, म्हणजे आजचे तहसीलदार, देऊ शकतात. या निकालावर अपील नाही, फक्त फेरतपासणी आहे.

दाव्यात जमिनीचं वर्णन, साक्षीदार, कागदांची यादी हे तर लागतंच, पण वाट कोणत्या दिवशी अडली ती तारीख लिहावीच लागते. ‘गेल्या काही दिवसांपासून’ असं लिहिलेला दावा तिथेच लटकतो. सातबारावर जेवढे सहहिस्सेदार आहेत तेवढ्यांना सामनेवाले करावं लागतं. एक चुलतभाऊ वगळला की सहा महिन्यांनी तोच उभा राहतो आणि म्हणतो, मला नोटीसच नव्हती. तारेचा आणि खांबांचा फोटो त्याच आठवड्यात काढून ठेवावा. आणि तार कापू नये. तार कापली की आपण फिर्यादीचे आरोपी होतो.

खरी मेख मुदतीची आहे. वाट अडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे, नंतरचा घेतलाच जात नाही. आता पंचांगाकडे बघा. वाडा कार्तिकात गेला, तार मार्गशीर्षात ठोकली, मेंढरं ज्येष्ठात परत आली. सहा महिने तिथेच भरले. जाळी लावायचा मुहूर्त कुणी मुद्दाम असा काढतं असं आम्ही म्हणत नाही, पण मेंढपाळ गावात नसताना तार लागते आणि मुदत मात्र चालू राहते. त्यात परत आल्यावर पहिला महिना ग्रामपंचायतीत अर्ज देण्यात आणि ‘बघू, मालकाशी बोलू’ ऐकण्यात जातो. ग्रामपंचायतीच्या अर्जाने मुदत थांबत नाही. मुदत गेली तर दिवाणी न्यायालय उरतं. तिथे सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट-पाणी वापरायचा हक्क) कायद्याप्रमाणे २० वर्षांचा उघड, अखंड आणि हक्क म्हणून केलेला वापर सिद्ध करावा लागतो, तोही अडथळा झाल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा आणून. वर्षातले सात महिने मुलखाबाहेर असणाऱ्या माणसाने ‘अखंड’ हा शब्द कोर्टात कसा पेलायचा, हा वेगळाच वाद.

म्हणून वाडा हलण्याआधी गावात राहणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाला, शक्यतो त्याच वाटेने रानात जाणाऱ्या शेतकऱ्याला, नकाशाची नक्कल देऊन ठेवावी. तार लागलेली दिसताच त्याने स्वतःच्या नावाने दावा लावावा. वाट त्याचीही आहे.

चराईचा मार्ग वेगळा, आणि तो कोर्टातून जात नाही. मालकाला भीती कशाची वाटते ते आधी ओळखावं. आज ‘चरू दे’ म्हटलं तर उद्या हक्क सांगतील, कूळ लावतील, अशी धास्ती असते. मग तो सरळ जाळी ठोकतो. यावर तोंडी शब्दापेक्षा एक पानाचा कागद बरा. त्यात गट नंबर, मेंढरांची संख्या, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, विहिरीचं पाणी घ्यायचं की नाही, बाभळीचा पाला पाडायला आकडी लावायची की नाही, कुत्री किती, हे लिहावं. जमिनीचा ताबा मालकाकडेच आहे आणि ही हंगामापुरती परवानगी आहे, हक्क नाही, असं वाक्य स्पष्ट हवं. हे वाक्य मेंढपाळाला कमीपणाचं वाटतं, पण त्याच वाक्यामुळे मालक फाटक ठेवायला तयार होतो. तारखा ठरवताना कुसळाचं भान ठेवावं. गवत कोवळं असताना, म्हणजे आषाढ-श्रावणात, माळ उत्तम. एकदा कुसळ पिकलं की त्याची टोकं लोकरीतून कातड्यात शिरतात, कोकरांच्या तोंडाला इजा होते, आणि त्या दिवसांत माळ मिळूनही उपयोग नसतो. मालकाचाही फायदा आहे. गवत चरलेलं राहिलं तर उन्हाळ्यात वणव्याला खाद्य कमी उरतं, आणि शेजारच्या रानात वाघूर (जाळीचं कुंपण) लावून मेंढरं बसवली तर खत मिळतं.

फाटकाविषयीही थोडं. चार फुटांच्या दारातून दोनशे मेंढरं काढताना रेटारेटीत कोकरं खाली येतात. बारा फुटांचं फाटक असलं की खांड सरळ निघतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना काटेरी तार असेल तर ती वाटेच्या हद्दीपासून दीड-दोन फूट मालकाच्या रानात आत घ्यावी, नाहीतर लोकर तारेला आणि रक्त अंगाला.

शेवटी प्रशासनाकडे एक मागणी. जमीन महसूल संहितेच्या कलम १६५ प्रमाणे प्रत्येक गावातल्या खासगी जमिनीतली वाटेची आणि पाण्याची वहिवाट ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दप्तरात नोंदवायची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची आहे. चावडीत हे दप्तर मागून पाहावं. नाव ऐकूनच समोरचा चष्मा पुसायला लागतो. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ते सातबाराच्या इतर हक्कात नोंदवण्याचं काम हाती घेतलंच आहे. त्याच फेरीत मेंढरांच्या वाटा आणि पाणवठेही घ्यावेत, आणि या कामाचं चावडीवाचन भाद्रपद-आश्विनात, वाडे गावात असताना ठेवावं. मार्च एंडला ठेवलं तर ज्यांची वाट आहे ते तेव्हा राजापूर-चिपळूणच्या रानात असतील.

— एक वाचक, जत, जि. सांगली