नेट हळू नव्हतं

उमेओ, स्वीडन, १० जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हे सांगायला गेले की आई मध्येच "जेवलीस का?" विचारते आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहायला बसले.

गेले दोन हिवाळे मी व्हिडिओ लावायचे नाही आणि नेट हळू आहे म्हणायचे. नेटला काही झालं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी तीनलाही मी पांघरुणात असायचे, केसांना दोन-दोन दिवस कंगवा लागलेला नसायचा. ते तुम्हाला दिसू नये, एवढंच. अकरा तास झोपूनही अंग भिजल्या पोत्यासारखं जड वाटायचं. रात्री दहाला पातेलंभर भात टाकायचे आणि मेतकूट-तुपाबरोबर उभ्यानेच संपवायचे. आई, तू त्याला आळस म्हणालीस. मीही स्वतःला तेच म्हणत होते. मार्चमध्ये आपोआप बरं वाटायला लागायचं आणि मी सगळं विसरून जायचे.

यंदा ऑक्टोबरातच इथल्या आरोग्य केंद्रात गेले. हे ठरावीक ऋतूत येणारं नैराश्य आहे म्हणाले.

बाबा, तुम्ही वर्गात मेणबत्तीभोवती लिंबू फिरवून पृथ्वीचा कललेला आस समजावायचात ना, मी त्या लिंबाच्या पार वरच्या टोकाकडे येऊन राहिले आहे. ६४ अक्षांशाला. २१ डिसेंबरला इथे सूर्य साडेनऊच्या सुमाराला उगवतो आणि दोनच्या आत मावळतो. भर मध्यान्हीलाही क्षितिजापासून जेमतेम तीन अंश वर. समोरच्या इमारतीच्या डोक्यावरून तो मला दिसतच नाही. त्याच दुपारी रत्नागिरीत तो पन्नास अंशांवर असतो आणि आई पापड उचलून सावलीत नेत असते. आपल्या डोळ्यांत काही पेशी बघण्यासाठी नसतातच म्हणे, "सकाळ झाली" एवढा निरोप मेंदूतल्या घड्याळाला देण्यासाठी असतात. इथे तो निरोप वेळेवर पोचतच नाही. या आजाराला १९८४ साली नाव देणारे डॉक्टर नॉर्मन रोझेन्थाल हे स्वतः दक्षिण आफ्रिकेच्या उन्हातून न्यूयॉर्कला आलेले होते आणि हिवाळ्यात तेही असेच ढेपाळायचे. हे वाचून मला फार बरं वाटलं. उन्हाच्या गावचं माणूसच हे ओळखणार!

आता रोज उठल्यावर तासाभरात दिव्यासमोर बसते. १०,००० लक्सचा दिवा, हातभर अंतरावर, अर्धा तास. त्याच्याकडे टक लावून बघायचं नसतं, समोर ठेवून पोहे खायचे. स्वयंपाकघरातला दिवा दोन-तीनशे लक्सच्या पुढे जात नाही, यावरून अंदाज करा. पहिले चार दिवस डोकं दुखलं. एकदा शहाणपणा करून संध्याकाळी बसले, तर रात्री दोनपर्यंत टक्क जागी. फरक कळायला दोनेक आठवडे गेले. दुपारी उजेड असेपर्यंत बाहेर चक्कर मारते, उणे बारा असलं तरी. ढगाळ आभाळाखालीसुद्धा खोलीपेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो. या गावाने तर २०१२ मध्ये चक्क बसथांब्यांवर असे उपचाराचे दिवे लावले होते! डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू आहेत, पण त्या हाडांसाठी. मन त्यांनी उजळत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं.

मला सगळ्यात जड गेलं ते समुपदेशन. "आज नको, अंधार आहे" हे माझं पालुपद त्या बाईंनी वहीत मोजायला लावलं. एका आठवड्यात एकोणीस वेळा! म्हणून आता दर मंगळवारी ऑफिसमधल्या दोघी थालीपीठ शिकायला येतात. मला रद्द करता येऊ नये म्हणून आईने पाठवलेली भाजणी मी त्यांच्यातल्या एकीच्याच घरी ठेवली आहे. बाबा, तुम्हाला आकडे लागतात म्हणून सांगते: अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात १७७ जणांवर याचा अभ्यास झाला. सुरुवातीला दिवा आणि हे बोलणं-लिहिणं सारखंच कामाला आलं, पण दोन हिवाळ्यांनंतर दिवावाल्यांपेक्षा बोलणं-लिहिणंवाल्यांमध्ये आजार कमी जणांना परत आला.

"गोळ्यांच्या नादी लागू नकोस," असं तुम्ही म्हणाला होतात. सध्या गोळ्या नाहीत, पण त्या तुमच्या सांगण्यावरून नाहीत असं नव्हे. माझा त्रास अजून सौम्य आहे, म्हणून डॉक्टरांनी आधी हे करून बघू म्हटलं. कामावर जाणं सुटलं किंवा मनात भलतंसलतं यायला लागलं, तर मी गोळ्या घेणार, हे त्यांच्याशी ठरलेलं आहे. तुम्ही रक्तदाबाची गोळी चहाबरोबर घेता, तेव्हा आपण कुणी आवाज खाली करत नाही.

दिवाळीचा आकाशकंदील अजून खिडकीतच आहे. नाताळाआधी इथे घरोघरी कागदी चांदण्या टांगतात, त्यात तो खपून गेला. तिळगूळ पोचला. दिवस पाऊण तासाने मोठा झालाय आणि आता रोज पाचेक मिनिटं वाढतोय.

एक करा. फोन तुमच्या दुपारी बाराला करत जा. तेव्हा माझे साडेसात वाजलेले असतात आणि मी दिव्यासमोर असते. व्हिडिओ चालू ठेवीन. तोंड भुतासारखं पांढरं दिसेल, आईला आधीच सांगून ठेवा.

तुमची,
मनू