मुलीला बसते करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

आमची मुलगी आता जमिनीवर आधाराविना बसते, बाजूला घरंगळलेला चेंडू उचलण्यासाठी कमरेतून वळते आणि पुन्हा सरळ होते. श्रेय तिचे आहेच. पण तिला ती संधी कशी द्यायची हे आपण आम्हांला शिकवलेत, म्हणून हे जाहीर आभारपत्र.

ती वेळेआधी जन्मलेली असल्यामुळे तिची प्रगती पाहताना वय जन्मतारखेपासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे, हे आपण पहिल्याच भेटीत सांगितलेत आणि इतर बाळांशी मनातल्या मनात चाललेली आमची तुलना थांबली. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार निरोगी बाळे सुमारे 4 ते 9 महिन्यांच्या दरम्यान केव्हाही आधाराशिवाय बसू लागतात, हेही आपणच समजावलेत. मात्र नुसता धीर देऊन आपण थांबला नाहीत. या हिशेबाने नऊ महिने उलटूनही ती बसली नाही, किंवा शरीराची एकच बाजू अधिक वापरताना दिसली, तर वाट पाहू नका, असेही बजावलेत.

मला सर्वांत मोलाची वाटली ती आधार कमी करत नेण्याची आपली पद्धत. चहूबाजूंनी उशा लावून बसवलेले बाळ बसल्यासारखे दिसते खरे, परंतु तोल सावरण्याचे काम उशाच करतात, असे आपले म्हणणे होते. त्याऐवजी आपण तिला पातळ चटईवर पुढ्यात बसवून प्रथम हात बरगड्यांजवळ ठेवलेत, धड स्थिर होऊ लागल्यावर ते कमरेवर आणलेत आणि नंतर केवळ नितंबांच्या दोन्ही बाजूंना. हात जितका खाली सरके, तितके वरचे अंग तिचे तिलाच सांभाळावे लागे. पुढे ती दोन्ही तळवे जमिनीला टेकून बसू लागली, तेव्हा तो टेकू ओढून काढायचा नाही, खेळणे छातीच्या उंचीवर धरायचे, म्हणजे एक हात ती आपणहून उचलेल, ही आपली युक्ती तंतोतंत लागू पडली. (जागेपणी पालथे ठेवून खेळवण्याचा मात्र तिला मनस्वी राग होता. मान आणि पाठ तिथेच बळकट होतात, म्हणून आपण त्यात सूट दिली नाहीत, हे बरेच झाले.)

तोल जाताना हात टेकून स्वतःला सावरणे बाळाला आधी पुढच्या, मग बाजूच्या आणि सर्वांत शेवटी मागच्या दिशेने जमते, हे आपल्याकडून कळल्यामुळे ती नीट बसू लागल्यावरही तिच्या मागे कोणीतरी असावे, हा नियम घरात सर्वांनी पाळला.

आता घरात वॉकर आणण्याचा आग्रह सुरू झाला आहे. त्याविषयीचे आपले प्रतिकूल मत मला ठाऊक आहे. तरी पुढील भेटीला मी सगळ्यांनाच सोबत आणते, ते आपणच त्यांना ऐकवावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
मुलीची आई